खाऱ्या टाकीचे रिकामे दिवस

आमच्या विज्ञानशाळेंत उत्तरेकडील भिंतीशीं जी कांचेची टाकी ठेविलेली आहे, ती पाहण्यास यंदा बरेच पालक येऊन गेले. त्यांपैकीं जे पावसाळ्यांत आले त्यांस तींत पाणी, वाळू व कांहीं दगड यांवांचून दुसरें कांहीं दिसलें नाहीं. "मासे कोठें आहेत?" असें ते विचारीत, व "अजून यावयाचे आहेत" हें उत्तर ऐकून पुष्कळांस हसूं येई. झांकणास लाविलेलें लहानसें कुलूप पाहून एका गृहस्थांनीं तर, "पाणी कोण चोरून नेणार?" असें विचारिलें. त्या कुलपाची हकीकत पुढें येईलच. तूर्त एवढेंच सांगतों कीं, टाकी रिकामी आहे असें जें सर्वांस वाटत होतें तें खरें नव्हतें.

मूळ गोष्ट गेल्या वर्षाची आहे. समुद्रांतील पोवळ्यांच्या खडकाचा एक लहानसा देखावा शाळेंत असावा या हौसेनें आम्हीं टाकी विकत घेतली. शनिवारीं तींत खारें पाणी भरलें, रविवारीं तें फिरूं दिलें व सोमवारीं सहा मासे आणून सोडले. "चोवीस तास पुरे" असें विक्रेत्यानें सांगितलें होतें, आणि आम्हांसहि तेंच ऐकावयाचें होतें. पांचव्या दिवशीं मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागले. आठव्या दिवशीं सकाळीं शेवटचा मासा तळाशीं आडवा पडलेला आढळला. पहिल्यानें आम्हीं विजेस दोष दिला, मग विक्रेत्यास दिला. इयत्ता सातवींतील एका मुलीनें मात्र विचारिलें, "पाणी कालच्याइतकेंच स्वच्छ दिसतें, मग मासे कशानें मेले?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं, व शिक्षकाच्या पेशांत ही कांहीं सुखाची गोष्ट नव्हे.

उत्तर असें आहे. माशानें खाल्लेल्या अन्नांतील नत्रयुक्त द्रव्यें पचलीं म्हणजे जें त्याज्य उरतें, तें मुख्यतः अमोनियाच्या रूपानें कल्ल्यांवाटे पाण्यांत सुटतें. उरलेलें अन्न व विष्ठा कुजूनहि तोच पदार्थ उत्पन्न होतो. तो पाण्यांत विरघळून राहतो, त्यास रंग नाहीं, व अल्प प्रमाणांत वासहि नाहीं. म्हणून पाणी स्फटिकासारखें दिसत असतांनाहि विषारी असूं शकतें. समुद्रांत हा अमोनिया अफाट पाण्यांत पांगतो व त्यावर जगणारे असंख्य सूक्ष्म जीव तो टिपून घेतात. टाकींत पांगण्यास जागाच नाहीं. शिवाय खाऱ्या पाण्यांत धोका अधिक आहे. पाण्यांत अमोनियाचीं दोन रूपें असतात. एक बरेंचसें निरुपद्रवी, दुसरें घातक. पाणी जितकें अल्कधर्मी तितकें घातक रूपाचें प्रमाण मोठें. साध्या गोड्या पाण्याचा सामू ७ धरला तर तेथें एकंदर अमोनियाचा शंभरावा भागहि घातक रूपांत नसतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास असल्यामुळें तेथें हेंच प्रमाण अनेक पटींनीं वाढतें. गोड्या पाण्यांतील मासा जेवढा हलगर्जीपणा सोसतो, तेवढा समुद्रांतील मासा सोसूं शकत नाहीं, याचें हें एक कारण होय.

मग निसर्गांत हा अमोनिया जातो कोठें? त्याचा छडा माशांच्या नादानें लागला नाहीं; तो सांडपाण्याच्या चिंतेनें लागला. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लोसिंग व म्युंट्स या दोन रसायनज्ञांनीं एक मीटर लांबीच्या कांचेच्या नळींत भाजलेली वाळू व थोडी चुनखडीची पूड भरली, आणि तींतून गटाराचें पाणी अगदीं सावकाश झिरपूं दिलें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. वरून घातलेला अमोनिया खालीं जसाच्या तसा येत होता. नंतर खालच्या पाण्यांत नायट्रेट, म्हणजे सोऱ्याच्या जातीचे क्षार, दिसूं लागले व अमोनिया दिसेनासा झाला. ही करामत केवळ वाळूची असती तर ती पहिल्याच दिवशीं दिसावयास हवी होती. त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडून पाहिली, तेव्हां काम बंद पडलें. वाफ घालवून मातीचें थोडें पाणी वरून ओतल्यावर कांहीं दिवसांनीं तें पुन्हां चालूं झालें. क्लोरोफॉर्मनें वाळूस कांहीं होत नाहीं. जिवंत वस्तु मात्र निपचित पडते. अर्थात् नळींत कोणी जिवंत कामगार होते, व कामास लागण्यापूर्वीं त्यांस वीस दिवस लागले होते.

पुढें इंग्लंडांत रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत रॉबर्ट वॉरिंग्टन यानें हें काम दोन टप्प्यांनीं होतें असें दाखविलें. प्रथम अमोनियाचें नायट्राइट होतें, मग नायट्राइटचें नायट्रेट होतें, आणि दोन्ही टप्प्यांचे कर्ते निराळे असतात. ते जंतु वेगळे काढून वाढविण्याचें यश १८९० सालीं झ्यूरिक येथें विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञास आलें. येथें एक कौतुकाची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. या वॉरिंग्टनचा पिता (त्याचेंहि नांव रॉबर्टच) लंडनमध्यें रसायनज्ञ होता. त्यानें एका कांचपात्रांत दोन गोल्डफिश, पाणवनस्पति व गोगलगाई एकत्र ठेवून प्राणी व वनस्पति एकमेकांस कशा सांभाळतात याचें वर्णन १८५० सालीं रसायनशास्त्र-मंडळापुढें वाचलें. पित्यानें मत्स्यपात्र मांडलें. त्या पात्रांतील अर्धें रहस्य पुत्रास शेताच्या मातींत सांपडलें. दोन्ही गोष्टी एकाच घरांत असूनहि मासे पाळणाऱ्यांच्या हातीं हा दुवा पुष्कळ उशिरां आला.

आतां गेल्या वर्षींच्या आमच्या चुकीचा अर्थ लागतो. हे जंतु पाण्यांत तरंगत राहण्यापेक्षां दगड, वाळू यांसारख्या पृष्ठभागास चिकटून वस्ती करतात, व ते फार मंद वाढतात. कुजविणारे साधारण जंतु अनुकूल स्थितींत अर्ध्या तासाच्या आंत दुप्पट होतात. नत्राचे हे कामगार दुप्पट होण्यास कित्येक तास, पुष्कळदां एक दिवस किंवा त्याहूनहि अधिक वेळ घेतात. नवी कांच, धुतलेली वाळू व ताजें पाणी यांत त्यांची वस्ती नसल्यासारखीच. आम्हीं गांव वसण्यापूर्वींच पाहुणे बोलाविले होते.

यंदा आम्हीं निराळ्या रीतीनें आरंभ केला. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. दगड व वरची मोकळी जागा वजा जातां तींत सुमारें १७० लिटर पाणी राहतें. पाणी, कांच व दगड मिळून अडीचशें किलोंहून अधिक भार होतो. तेव्हां बाकावर न ठेवतां सुतारास सांगून सागवानी चौकट करविली. खिडकीजवळची जागा मुद्दाम टाळली, कारण उन्हानें शेवाळ माजतें.

समुद्र शाळेपासून दूर नसतांना पाणी विकतच्या क्षारांनीं कां करावें, असा प्रश्न मुलांनीं विचारिला. कोंकणपट्टीवर पावसाळ्यांत नद्यांचे लोंढे आले म्हणजे खाडीच्या तोंडाचें पाणी जवळजवळ गोडें होतें व गढूळहि असतें. बंदराजवळच्या पाण्यांत तेलाचा अंश असतो. म्हणून आर.ओ. यंत्रांतून काढलेल्या शुद्ध पाण्यांत समुद्राचे क्षार मिसळणें आम्हांस बरें वाटलें. जेवणांतलें मीठ येथें चालत नाहीं. समुद्राच्या एक किलो पाण्यांत साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मिठाचा वांटा मोठा खरा, परंतु मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरेंवांचून पोवळीं, शिंपले यांस कवच रचतां येत नाहीं. आमच्या टाकीस सुमारें साडेसहा किलो क्षार लागले. ते बादल्यांत विरघळवून, पाणी एक दिवसभर पंपानें घोळवून, विशिष्ट गुरुत्व १.०२५ भरल्यावर मगच टाकींत ओतलें. उष्णता २६ अंश सेंटिग्रेडच्या आसपास राखली.

या ठिकाणीं मुलांची एक चूक सांगण्यासारखी आहे. पाण्याची पातळी उतरलेली पाहून त्यांनीं तयार करून ठेविलेलें खारें पाणीच वरून घातलें. मिठागर पाहिलेल्या मुलानें ही चूक करावी याचें आम्हांस नवल वाटलें! वाफ होऊन जातें तें नुसतें पाणी. मीठ मागें राहतें, म्हणून तर आगरांत मीठ पिकतें. आमच्या १७० लिटरांतून आठ लिटर पाणी उडून गेलें तर ३५ चा खारटपणा जवळजवळ ३७ होतो, आणि तूट खाऱ्या पाण्यानें भरल्यास तो तसाच वाढत जातो. तेव्हांपासून कांचेवर पातळीची एक रेघ ओढली आहे व रोज सकाळीं शुद्ध गोडें पाणी घालून रेघ गांठली जाते.

दगडांविषयीं थोडें अधिक लिहितों. परदेशांत पोवळ्यांच्या टाकींत 'जिवंत दगड' घालण्याची चाल आहे, म्हणजे समुद्रांतील सच्छिद्र दगड त्यावरील जंतु, शेवाळ व किडे यांसह आणून ठेवणें. जाकार्ता येथील ली चिन एंग यानें १९६१ सालीं या पद्धतीविषयीं लिहिलें, व पुढें तिचा फार प्रसार झाला. दगडाच्या बाहेरील अंगास अमोनिया फोडणारे जंतु राहतात. आंतल्या खोल छिद्रांत, जेथें प्राणवायु पोहोंचत नाहीं, तेथें नायट्रेटाचा नत्रवायु करणारे दुसरे जंतु राहतात. पद्धति उत्तम, परंतु दगड उचलून आणणें हा आमचा मार्ग नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यगृह उघडलें व फिलिप गॉसच्या पुस्तकांनीं लोकांस समुद्रकिनाऱ्याचें वेड लाविलें, तेव्हां संग्राहकांनीं इंग्लंडच्या खडकांतील सुंदर डोहच्या डोह ओरबाडून काढले. त्याची हळहळ त्याच्याच पुत्रानें १९०७ सालीं लिहून ठेविली आहे. आपल्याकडे खडक रचणारीं सर्व पोवळीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. तीं काढणें व त्यांचा व्यापार करणें हा गुन्हा आहे. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोवळीं आहेत व तेथील समुद्रास १९८७ सालीं अभयारण्य ठरविलें गेलें. ज्यांस पोवळीं पाहावयाचीं असतील त्यांनीं तीं तेथेंच पाहावीं व तेथेंच राहूं द्यावीं.

म्हणून आम्हीं भट्टींत भाजलेल्या चिनी मातीचे सच्छिद्र दगड घेतले. जांभा फुकट मिळतो, तो कां नको, अशी सूचना आली होती. परंतु जांभ्यांत लोह फार, व तें शेवाळास पोषक, म्हणून नको म्हटलें. हे कोरे दगड वसविण्यासाठीं एका स्नेह्यांच्या जुन्या, निरोगी टाकींतील ओंजळभर वाळू मागून आणली व आपल्या वाळूंत मिसळली. दह्यास विरजण लागतें, तसाच हा प्रकार.

जंतूंस अन्न हवें, व अन्न म्हणजे अमोनिया. तो देण्यासाठीं जिवंत माशाचा बळी देण्याची रीत पूर्वीं होती. आम्हांस ती क्रूर वाटते, आणि तिची गरजहि नाहीं. नवसागर सर्वांस ठाऊक आहे. कल्हईवाला भांडें तापवून त्यावर टाकतो व पांढरा धूर निघतो तोच. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. प्रयोगशाळेंतील शुद्ध नवसागर एक ग्रॅम तोलून टाकींत विरघळविला, तेव्हां दर लिटरास सुमारें दोन मिलिग्रॅम अमोनिया झाला. (कल्हईवाल्याकडचा वापरूं नये, त्यांत इतर धातूंचे अंश असूं शकतात.) दिवे बंद ठेविले, कारण जंतूंस प्रकाश नको व शेवाळास हवा असतो. मग रोज मधल्या सुट्टींत चार मुलें परीक्षानळींत पांच मिलिलिटर पाणी घेऊन त्यांत औषधाचे थेंब घालीत व रंग ताडून वहींत नोंद करीत. पिवळा रंग राहिला तर अमोनिया नाहीं. जितका हिरवा तितका अधिक.

पहिले नऊ दिवस वहींत एकच शब्द आहे: हिरवा. दहाव्या दिवशींच्या नोंदीपुढें कोणी तरी "कंटाळा" असेंहि लिहिलें आहे, तें आम्हीं खोडलें नाहीं. चौदाव्या दिवशीं हिरवा रंग किंचित् फिका झाला व नायट्राइटच्या नळींत पहिल्यानेंच जांभळी छटा आली. वर्गांत त्या दिवशीं जो गलका झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत ऐकूं गेला. बाविसाव्या दिवशीं अमोनिया शून्यावर आला; नायट्राइट मात्र फार चढलें होतें. खाऱ्या पाण्यांतील क्लोराइडमुळें समुद्रांतील माशांस नायट्राइटची बाधा गोड्या पाण्यांतील माशांपेक्षां पुष्कळ कमी होते, हें खरें. तरी काम अर्धवट असल्याची ती खूण असल्यामुळें आम्हीं थांबलों. तेहतिसाव्या दिवशीं नायट्राइटहि संपलें व नायट्रेट तेवढें उरलें. मग खरी परीक्षा घेतली. पुन्हां एक ग्रॅम नवसागर घातला व दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पाणी तपासलें. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पहिल्या वेळीं ज्या कामास महिना लागला तें आतां एका दिवसांत झालें.

आतां कुलपाविषयीं. पंधराव्या दिवशीं चार वाजतां आम्ही विज्ञानशाळेंत गेलों तों दगडाआड एक इवलासा मासा फिरत होता! चौकशी करतां असें कळलें कीं, पांचवींतील एका मुलानें भरती ओसरल्यावर खडकांतील डोहांतून तो धरून डब्यांतून आणला होता व मधल्या सुट्टींत झांकण उचलून सोडला होता. त्यास विचारिलें तेव्हां तो म्हणाला, "सर, टाकी एकटी वाटत होती." त्या दिवशीं पाण्यांत दीड मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया होता. बदलण्यासाठीं तयार करून ठेविलेलें स्वच्छ खारें पाणी बादलींत होतें. त्यांत हवेचा पंप लावून मासा रात्रभर ठेविला. पहिल्या तासांत त्याचे कल्ले गेल्या वर्षींच्या माशांप्रमाणेंच भरभर हालत होते. रात्रीं आठ वाजतां पहारेकऱ्यानें तो शांत असल्याचा निरोप पाठविला. सकाळीं त्याच मुलास बरोबर घेऊन आम्हीं तो त्याच्या डोहांत परत सोडला. मुलास शिक्षा केली नाहीं. गेल्या वर्षीं हेंच कृत्य आम्हीं सहा वेळां केलें होतें, व तें पैसे देऊन. कुलूप मात्र त्याच दिवशीं लाविलें.

परीक्षा उतरल्यावरहि घाई केली नाहीं. सांचलेलें नायट्रेट कमी करण्यास बरेंच पाणी बदललें व दिवे रोज थोडा वेळ लावूं लागलों. दिवे लागतांच वाळूवर तपकिरी पूट चढलें, मग दगडांवर हिरवे केस उगवले. पाहणाऱ्यांस टाकी बिघडली असें वाटलें. वास्तविक प्रत्येक नवीन टाकीची ही अवस्था होते. येथें पुष्कळ लोक नाना औषधें ओततात. आम्हीं शेवाळ हातानें उपटलें, दिव्याची वेळ कमी केली आणि चार समुद्री गोगलगाई सोडल्या. त्या या टाकीच्या पहिल्या रहिवाशी. त्यांस सोडतांना टाकींतील पाणी थेंबाथेंबानें त्यांच्या भांड्यांत तासभर पडूं दिलें. एका पाण्यांतून दुसऱ्यांत एकदम टाकलें तर खारटपणाच्या फरकानें त्या मरूं शकतात. तीन आठवड्यांत तपकिरी पूट गेलें.

दहाव्या आठवड्यांत क्लाउन जातीचे दोन मासे आले. हे समुद्रांतून धरलेले नव्हेत. भारतांतहि आतां या माशांचीं पिलें पैदाशीच्या केंद्रांत वाढवितात, त्यांपैकींच हे आहेत. आम्हीं ते प्रथम दुसऱ्या साध्या टाकींत चार आठवडे निराळे ठेविले होते, कारण नव्या माशाबरोबर रोगहि येतो. सोडल्यावर आठवडाभर रोज अमोनिया तपासला. नळी पिवळीच राहिली. एका वेळीं थोडेच प्राणी वाढवावे, म्हणजे जंतूंची संख्या वाढत्या कामाशीं जुळत जाते. ज्या देशांत शेती करून वाढविलेलीं पोवळीं कायदेशीरपणें मिळतात, तेथेंहि जाणते लोक तीं यानंतर कित्येक महिन्यांनीं ठेवितात, कारण माशास जें पाणी चालतें तें पोवळ्यास पुरेसें नसतें. त्यास कॅल्शियम, अल्कता व उष्णता दिवसेंदिवस एकसारखी लागते. आमच्या टाकींत पोवळीं येणार नाहींत.

अमोनियाची वही सध्यां गेल्या वर्षीं प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे आहे. ती आतां आठवींत गेली. तपासणी आठवड्यांतून दोनदां होते. पालकांस मासे पाहावयाचे असल्यास मधल्या सुट्टींत यावें. खाऊ घालण्याची वेळ तीच आहे. पोळीचे तुकडे कृपा करून आणूं नयेत.